दगड आणि दोर

परंड्याकडे विहीर खणणाऱ्याला भूगर्भशास्त्र शिकवावं लागत नाही. माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण हे त्याला तोंडपाठ. तरी यारी उभी करताना तो मालकाला पाण्याचा शब्द देत नाही. शेजारच्या विहिरीला लागलं म्हणून इथं लागेलच असं नाही. बोगदेवाल्यांचंही तेच. आम्ही फक्त आडवे जातो.

आखणीच्या वेळी वरून बोअर घेतात, दगडाच्या कांड्या पेटीत ओळीनं मांडतात. दोन बोअरांमधलं मात्र अंदाजानं भरलेलं असतं. आपला बेसॉल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाला. दोन थरांमध्ये कुठंकुठं गेरूसारखी तांबडी पट्टी सापडते. कोरडी असताना ती दगडाचा आव आणते, हवा-पाणी लागलं की फुगून सुटते. ती छतात आली की मी ब्लास्टची फेरी आखूड करतो, शॉटक्रीटचा फवारा आणि रॉक बोल्ट लगेच. पुढं लांब भोक मारून पाणी बघतो. निवळ आलं तर एक वेळ ठीक. तांबूस, गढूळ आलं तर काम थांबवायचं, मग ठेकेदार काहीही म्हणो. ब्लास्टचा धूर निवळल्यावर पहिला पुढं जातो तो पहारवाला. छत ठोकतो. खणखणीत वाजलं तर बरं, बद्द वाजलं की तो तुकडा पाडायचा.

कृष्णा-मराठवाडा प्रकल्पात नीरेचं पाणी भीमेत, उजनीत आणि तिथून आमच्या सीना-कोळेगाव धरणाकडे आणायचं आहे. त्यातल्या नीरा-भीमा बोगद्यावर, इंदापूर तालुक्यातल्या अकोल्याला, 20 नोव्हेंबर 2017 रोजी शाफ्टमधून, म्हणजे बोगद्यात उतरायच्या उभ्या विहिरीतून, कामगार वर येत असताना क्रेनचा दोर तुटला. आठ जण गेले. दगडानं काही केलं नव्हतं.

धोक्यांच्या तक्त्यात अनोळखी दगडाला पानंच्या पानं मिळतात, दोराच्या रकान्यात रोज एक टिकमार्क. मला हा हिशेब उलटा वाटतो. दगडाला आम्ही भितो, म्हणून त्याच्यापाशी सावध असतो.

माझ्या शाफ्टवर मालाच्या क्रेननं माणूस उतरत नाही. हेडिंगला, म्हणजे खोदाईच्या तोंडाशी, जाण्याआधी माणसं उतरवणाऱ्या दोराचा हातभर भाग फडक्यानं पुसून घ्यायला लावतो, कारण तुटक्या तारा ग्रीसखाली दिसत नाहीत. उघड्या हातानं चाचपू देत नाही, तार तळव्यात शिरते. ऑपरेटर कुरकुरतो. पाळी उशिरा सुरू होते, होऊ दे.