टेबलावरचा सिंथ

नाटकांचं पार्श्वसंगीत मी बरीच वर्षं निव्वळ लॅपटॉपवर केलं. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात दुसरं काही मावतही नव्हतं. आणि सॉफ्टवेअर सिंथमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या सिंथेसायझरमध्ये, काही उणं होतं असं मला आजही वाटत नाही. सर्ज एक्सटीच घ्या. मुळात विकत मिळणारा हा सिंथ 2018 साली मुक्तस्रोत झाला आणि आता फुकट मिळतो. यामाहाच्या 1983 सालच्या डीएक्स7चा बाज हवा असेल तर डेक्स्ड आहे, तोही फुकट.

तरीही टेबलावर हार्डवेअर आलं ते एका गायिकेमुळे. ती काळी पाचमध्ये गायची, साथीला तानपुरा, आणि तिच्या आलापीखाली मला सिंथचा लांब स्वर धरायचा होता. शुद्ध गंधार आला की दर वेळी खटकायचं. कीबोर्डचा गंधार षड्जापासून 400 सेंटवर (सेंट म्हणजे स्वरांतराचं बारीक माप), तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा 386वर. 14 सेंट कागदावर किरकोळ दिसतात, पण दोन गंधार एकत्र धरले की आवाज थरथरायला लागतो आणि गाणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. सर्जमध्ये स्वरांतरांची फाइल टाकता येते. ती टाकली आणि गंधार जागेवर बसला. स्वराचा प्रश्न लॅपटॉपनेच सोडवला.

अडलं ते हातापाशी. ती श्वास घेऊन स्वर भरत न्यायची तेव्हा सिंथचा फिल्टरही तिच्याबरोबर उघडत जायला हवा होता. माउसने ते मागाहून रेघ ओढून करावं लागतं, आणि मागाहून केलेलं मला तरी कानाला कळतं. मिडी कंट्रोलरला नॉब असतात, पण कुठला नॉब काय फिरवतो हे प्लगइनगणिक बदलतं, त्यामुळे हाताला वळण लागत नाही. त्यातून प्रोजेक्ट जड झालं की ध्वनीचा बफर 1024 सॅम्पलवर न्यावा लागतो. 48 किलोहर्ट्झला म्हणजे जवळजवळ 21 मिलिसेकंद. गाणाऱ्याच्या मागोमाग जायचं तर एवढा उशीर बोटांना टोचतो.

म्हणून कॉर्गचा मोनोलॉग घेतला. एका वेळी एकच स्वर वाजवणारा, लहान, अ‍ॅनालॉग. त्याच्यावर सप्तकातला प्रत्येक स्वर हवा तसा वरखाली सरकवता येतो. या कामात इलेक्ट्रॉनिक संगीतकार अ‍ॅफेक्स ट्विनची कंपनीला मदत होती. म्हणजे गंधार इथेही नीट लागला. पण खरी मजा फिल्टर उघडमिट करणाऱ्या कटऑफच्या नॉबमध्ये. डोळे गायिकेकडे, डावा हात पट्टीवर, उजवा नॉबवर. तिचा आवाज रुंदावला की नॉब केसभर उघडायचा, ती मिटत आली की परत घ्यायचा. तालमीत हे पहिल्यांदा जमलं तेव्हा ती नेहमीपेक्षा बराच वेळ त्या एका स्वरावर थांबली.

यंत्राशी हाताने असं खेळणं नवं नाही. मुंबईचे संगीतकार चरणजित सिंग यांनी 1982 साली रोलंडच्या टीबी-303, टीआर-808 आणि ज्युपिटर-8वर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. 303मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. ती मूळची बेस गिटारची नक्कल करण्यासाठी. त्यांच्या हाती तिची मींड झाली. यंत्र हाताशी असलं की असं सुचतं, हे मला मनापासून पटतं.

हार्डवेअरचा जाच मात्र आहे. सिंथ यूएसबीनेही जोडलेला आणि ऑडिओच्या वायरनेही, की अर्थिंगचं वेटोळं तयार होतं आणि स्पीकरमधून घूं असा आवाज सुरू. यूएसबी काढून जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलने जोडलं आणि घुरघुर थांबली, कारण तिथे संदेश प्रकाशाच्या मार्गाने जातो, विजेचा थेट सांधा नसतो. सहा पेन्सिल सेल घालूनही हा सिंथ चालतो. तालमीच्या हॉलमध्ये प्लग पॉइंट शोधत हिंडायला नको.

दिग्दर्शकांचे बदल हा दुसरा जाच. ‘तिसऱ्या प्रवेशातलं ते जरा काळोखं कर’ असा फोन आला तर सर्जमधलं काम चहा उकळेपर्यंत होतं. फाइल उघडली की सगळं जसंच्या तसं. मोनोलॉगवरचं पुन्हा वाजवावं लागतं आणि तेच पुन्हा येत नाही. म्हणून मी ऑडिओबरोबर मिडीही, म्हणजे कुठली पट्टी आणि कुठला नॉब कधी हलला याची नोंद, रेकॉर्ड करून ठेवतो.

घरी स्टुडिओ मांडणारी तरुण मंडळी विचारतात, तेव्हा मी पैसे आधी ऑडिओ इंटरफेस आणि बऱ्या स्पीकरवर घाला म्हणतो. सिंथ फुकटचे वापरा. हार्डवेअर नंतर, आणि एकच, ज्याचा प्रत्येक नॉब अंधारात सापडेल असं. सध्या हातात असलेल्या नाटकात चार-चार स्वरांचे कॉर्ड आहेत. ते सगळं सर्जवर चाललंय.