हरवलेल्यांचा रकाना

मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यात एक ड्रॉपडाउन आहे. औषधाच्या चाचणीत भाग घेतलेला रुग्ण मध्येच बाहेर पडला, तर त्याचं कारण तिथे निवडायचं असतं. मृत्यू. दुष्परिणाम. संमती मागे घेतली. डॉक्टरांचा निर्णय. आणि पाचवा पर्याय, 'लॉस्ट टू फॉलो-अप'. म्हणजे रुग्ण पुढच्या तपासण्यांना आलाच नाही आणि त्याच्याशी संपर्कही होत नाही. हा पर्याय निवडला की पुढच्या सगळ्या भेटींचे रकाने करडे होतात, त्यांत काही भरता येत नाही. ते करडे करणारा कोड मी लिहिला आहे. नोकरीला लागल्यावर माझं नीट जमलेलं ते पहिलं काम.

इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घेतलं तेव्हा आपला रक्तदाब-साखरेच्या आकड्यांशी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. हिंजवडीतल्या ज्या कंपनीत लागलो, ती औषधांच्या चाचण्यांचा डेटा गोळा करणारी प्रणाली बनवते. पूर्वी हे सगळं कागदावर व्हायचं, आता रुग्णालयातली समन्वयक स्क्रीनवर भरते. आम्ही तपासण्या लावतो : वजन चारशे किलो भरलं तर लाल खूण, भेटीची तारीख ठरलेल्या मुदतीबाहेर गेली तर लाल खूण. हृदयविकार, कॅन्सर, त्वचारोग, फुप्फुसं, शाखा कुठलीही असो, रकान्यांचा सांगाडा बराचसा तोच. रुग्ण मला कधी दिसत नाही. मला दिसतो एक क्रमांक.

फुप्फुसांच्या एका चाचणीसाठी मी असाच एक नियम लिहिला होता. आजार सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसण्याचा. रकाना होता 'पॅक-इयर्स'. रोज एक पाकीट, म्हणजे वीस सिगारेटी, अशी दहा वर्षं ओढली की दहा पॅक-इयर्स होतात. आकडा दहापेक्षा कमी असेल, तर रुग्ण अपात्र. दोन ओळींचा कोड. तो लिहिताना मला त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नाही.

आणि त्याच सुमारास वेल्ह्यातल्या आमच्या आत्याला धाप लागायला लागून सहा-सात वर्षं झाली होती.

आत्याचं घर तालुक्याच्या गावापासूनही आत, डोंगराच्या अंगाला. भात, थोडी नाचणी, दोन म्हशी. तिने उभ्या जन्मात विडीला हात लावलेला नाही. पण लग्न होऊन आली तेव्हापासून चाळीसेक वर्षं ती चुलीसमोर बसते आहे. पावसाळ्यात लाकडं ओली, घराला धुराडं नाही, आणि हातात फुंकणी. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर घरात आहे. त्यावर पाहुण्यांचा चहा होतो. महागाचं रीफिल भाकरीसाठी जाळणं तिच्या हिशेबात बसत नाही. गावाकडच्या डॉक्टरांनी तिला 'दमा' सांगितला होता. पावसाळ्यात गोळ्या, फार झालं तर इंजेक्शन.

हा आजार धूम्रपानाचाच, असं वैद्यकशास्त्र फार काळ धरून चाललं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'टॉर्च' या चाचणीत सहा हजारांवर रुग्ण होते, २००८ च्या 'अपलिफ्ट'मध्ये जवळपास सहा हजार. दोन्ही न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आल्या, दोन्हींच्या आधारावर जगभर औषधं लिहून दिली गेली, आणि दोन्हींत प्रवेशाची अट तीच : किमान दहा पॅक-इयर्स. संशोधकांच्या बाजूने याला कारण आहे. सगळे रुग्ण शक्य तितके सारखे असले, तर औषधाचा परिणाम स्वच्छ दिसतो. पण २००९ मध्ये पुण्यातले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी लॅन्सेटमध्ये मांडलं, की सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. तेव्हा जगात तंबाखू ओढणारे शंभर कोटींच्या आसपास होते, तर लाकूड, शेणी, कोळशाच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी. माझ्या त्या दोन ओळींच्या कोडने आत्या पहिल्याच पानावर बाहेर गेली असती.

२०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ओसरल्यावर, ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात खास चुलीच्या धुराने आजारी पडलेल्या बायकांचा अभ्यास सुरू आहे. औषध नवं नव्हतं, बाजारात मिळणारंच. ते दोन वेगवेगळ्या पद्धतींनी दिल्यावर काय फरक पडतो, एवढं पाहायचं होतं. मला भलताच आनंद झाला. मी स्वतः आत्याला घेऊन गेलो, संमतीपत्र तिला वाचून दाखवलं, रँडमायझेशन म्हणजे काय ते समजावलं. "म्हंजी चिठ्ठ्या टाकत्यात," ती म्हणाली. बरोबर होतं.

मग स्पायरोमीटर. तोंडात नळी धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सोडायचा. बहुतेकांना हे दोन-तीनदा शिकवावं लागतं. आत्याने पहिल्याच खेपेला बरोबर केलं. तंत्रज्ञ म्हणाली, "मावशी, छान फुंकता की!" आत्या म्हणाली, "दुसरं काय केलंय आजवर?" आलेख मात्र वाईट होता. वर चढला आणि लगेच कोसळला.

संपर्कासाठी फोन नंबर माझा दिला. आत्याच्या घरातला एकुलता फोन आतेभावाकडे, तो शिरवळच्या कारखान्यात. घरी रेंज यायची ती मागच्या टेकाडावर. मीच म्हणालो, माझा नंबर लिहा, मी याच क्षेत्रात आहे. हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. दर महिन्याला आत्या सकाळची एसटी धरून स्वारगेटला उतरायची, तपासणी करायची, महिन्याचा पंप घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत. जाण्यायेण्याचे पैसे मिळत. तिला पंपापेक्षाही अप्रूप होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. "ती पोरगी इचारती, रात्री झोप लागली का, किती पायऱ्या चढलात, खोकून जाग आली का. आजवर मला कुणी असलं इचारलं न्हाई." ते प्रश्न प्रश्नावलीत छापलेले असतात, ते विचारावेच लागतात, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही.

मग दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, हे बहुतेकांच्या आता लक्षातही नसेल. ज्यांच्या दारात गाडी होती त्यांच्यासाठी ती बातमी होती. आत्याच्या गावासाठी रस्ताच बंद झाल्यासारखा होता. खासगी जीप तालुक्यापर्यंत, तीही भरेल तेव्हा सुटायची, आणि भाडं म्हणतील ते. नोव्हेंबरची भेट चुकली. डिसेंबरचीही.

मी तिथून साठ-सत्तर किलोमीटरवर होतो. माझ्याकडे गाडी होती. मला तारखा माहीत होत्या, निदान माहीत असायला हव्या होत्या. त्या महिन्यांत आमचं मोठं रिलीज होतं. माझ्या फोनवर एका लँडलाइन नंबरवरून तीन कॉल येऊन गेले, वेगवेगळ्या दिवशी, भर मीटिंगमध्ये. कर्जवाले असतील म्हणून मी उचलले नाहीत. उलट फोनही केला नाही.

संक्रांतीला वेल्ह्याला गेलो तेव्हा आत्या ओट्यावर बसून होती. दारापर्यंत उठून आली आणि पुन्हा बसली. पंप कोनाड्यात होता. तिने तो कानाशी हलवून दाखवला, "आजून हाय थोडा." रोज घ्यायचा तो ती दिवसाआड, मग दोन दिवसांआड घेत होती, पुरवून. मी हातात घेऊन दाबला. नुसती हवा आली.

दुसऱ्या दिवशी त्या लँडलाइनवर मी फोन केला. समन्वयक मुलगी सौजन्याने बोलली. "सर, तीन वेळा फोन केला होता, एक पत्रही पाठवलं. दोन्ही भेटींची मुदत गेली, म्हणून प्रोटोकॉलप्रमाणे लॉस्ट टू फॉलो-अप केलंय." पत्र माझ्या जुन्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर गेलं असणार. मी विचारलं, परत घेता येईल का? ती म्हणाली, सिस्टीममध्ये आता भरता येत नाही, रकाने बंद होतात. ते कसे बंद होतात ते मला तिने सांगण्याची गरज नव्हती. त्यांची सिस्टीम आमची होती की दुसऱ्या कुणाची, हे मी विचारलं नाही.

आत्याला एवढंच सांगितलं, की त्यांनी तुला हरवलेली धरलंय. ती हसायला लागली, हसता हसता खोकला आला. "हरवायला मी काय म्हस हाय का? हितंच तर हाय."

औषध सुरू राहायला हवं होतं, म्हणून नियम धुंडाळले. आपल्याकडच्या २०१९ च्या नियमांत चाचणी संपल्यावरही रुग्णाला औषध देण्याची तरतूद आहे, पण ती चाचणीतल्या नव्या औषधासाठी, आणि दुसरा उपचार उपलब्ध नसेल तर. इथे औषध बाजारात उपलब्ध होतं. 'उपलब्ध' हा शब्द मी त्या दिवसांत बराच घोळवला. तालुक्याच्या दुकानात आहे, शहरातल्या दुकानात तर रांगेने आहे. आत्याच्या कोनाड्यात नाही.

संख्याशास्त्रात गळालेल्या रुग्णांचं काय करायचं याच्या पद्धती आहेत. त्यांतल्या बऱ्याच एका गृहीतकावर उभ्या असतात : जे गळाले आणि जे राहिले, त्यांच्यात आपल्याकडच्या नोंदींत न दिसणारा काही मोठा फरक नाही. आत्याच्या बाबतीत फरक होता तो एसटीचा, आणि एसटी नावाचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. संपाने गळाल्या त्या लांबच्या, बिनगाडीच्या, बहुधा जास्त धुरातल्या बायका. शेवटी शोधनिबंधात जो निष्कर्ष येईल, तो स्वारगेटला पोहोचू शकणाऱ्यांचा असेल. त्यात खोटं काही नसेल. फक्त तो वाचून जे औषध ठरेल, ते आत्यालाही दिलं जाईल.

हे सगळीकडे असंच होतं असंही नाही. त्या वर्षी मी गडचिरोलीतलं जुनं संशोधन शोधून वाचलं. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी लॅन्सेटमध्ये दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचा निबंध छापला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या फक्त आठ टक्के. रुग्णालयात येणाऱ्या बायका मोजल्या असत्या, तर बाकीच्यांचा पत्ताच लागला नसता. दहा वर्षांनी त्यांचा नवजात बाळांचा अभ्यास आला : ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवलं, त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्गाला इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू, शेजारच्या ४७ गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे. मला त्यात एक साधी गोष्ट दिसली. तिथे भेटीला यायचं होतं ते संशोधनाने. बाळाने एसटी पकडायची नव्हती.

प्रत्येक चाचणी अशी करता येणार नाही, हे मला कळतं. स्पायरोमीटर डोंगरावर नेता येतो, सीटी स्कॅन नेता येत नाही. मी ऑफिसात एवढंच सुचवलं, की 'लॉस्ट टू फॉलो-अप' निवडलं की शेवटची ज्ञात अडचण विचारणारा एक रकाना उघडावा : प्रवास, मजुरी, घरचं आजारपण, फोन. माझ्या लीडने शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, फॉर्म प्रायोजक ठरवतो. खरंच आहे ते. आता नव्या चाचणीच्या बैठकीत मी तो प्रश्न विचारतो. आजवर एकदा कुणीतरी 'बघू' म्हणालं आहे.

आत्याचा पंप मी दर महिन्याला पोचवतो. आतेभावाने सिलिंडरचं मनावर घेतलंय, पण पावसाळ्यात पाणी अजून चुलीवरच तापतं. तिची धाप आहे तेवढीच आहे; हा आजार मागे फिरत नाही. दोन महिने पंप नीट मिळाला असता तर किती फरक पडला असता, हे मला सांगता येणार नाही, कारण त्या दोन महिन्यांचे रकाने रिकामे आहेत.

लँडलाइनवरून फोन आला की मी आता उचलतो. बहुतेक वेळा कर्जवालेच असतात. त्यांचं वाक्य पुरं होऊ देतो, नको म्हणतो, आणि नंबर बघून घेतो.