डब्यामागची बारीक अक्षरे

रमजानच्या आधीच्या रविवारी आम्ही क्रॉफर्ड मार्केटला जातो. १८६९ साली उघडलेल्या या मंडईला आता महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. आमच्या घरी मात्र जुनेच नाव चालते.

जवळच परदेशी खाऊचे एक दुकान आहे. तिथला माझा आवडता खाऊ म्हणजे इराणच्या बम भागातला मजाफती खजूर. काळा, इतका मऊ की फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. अम्मींना मदिनेचा अजवा हवा. तो कोरडा, गोडीला बेताचा.

यंदा निराशा केली ती सोनेरी डब्याने. चॉकलेटमधले खजूर म्हणून महाग घेतला. आत निम्मा कागद आणि वाळकी फळे!

धाकटीने रंगीत जेलीचा डबा उचलला होता. सवयीने तिने तो पालटून वाचला. ‘जिलेटिन’ लिहिले होते, कोणत्या जनावराचे ते नव्हते. दुकानदाराला विचारले तर म्हणाला, “सगळेच नेतात, मॅडम.”

मी काही बोलायच्या आत तिने डबा परत ठेवला. डोळे भरले होते. मी तिला तुर्की लोकुम घेऊन दिला. तो साखर आणि स्टार्चचा, त्या डब्यात जिलेटिन नव्हते. घरी एक तुकडा खाऊन म्हणाली, “अम्मी, अत्तर खाल्ल्यासारखं वाटतंय!” आणि मजाफतीकडे वळली.

शाळेत मी मुलांना वाचायला शिकवते. वाचलेले पाळायला मात्र त्या दिवशी लेकीने दाखवले.