काकांचा दंड

सोमवार, 3 मार्च 2025
जॅक्सन हाइट्स, क्वीन्स

टॅक्सचा हंगाम. टेबलावर कागदांची चळत, आणि त्यात संध्याकाळी काका आले. नात्याने कुणाचेच नाहीत, पण इथल्या निम्म्या मराठी माणसांचे काका. त्यांच्या आठ बिऱ्हाडांच्या इमारतीचे हिशेब माझ्याकडे असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी पाकिटं काढून ठेवली. सगळ्यात वरचं फोडलेलं, बाकीची जशी आली तशी चिकटलेली.

"कचऱ्याच्या दंडासारखंच आहे गं काहीतरी. किती ते बघ आणि भरून टाक. नाहीतर अपील करू."

कचऱ्याच्या दंडात काका मुरलेले. पिशव्या वेळेआधी फूटपाथवर ठेवल्या की समन्स येतं, मग फोनवरून सुनावणी, हरलं तर 30 दिवसांत अपील. बहुधा दंड आधी भरूनच अपील करावं लागतं. हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. पण आजचा कागद सॅनिटेशनचा नव्हता. न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाचा अंतिम आदेश होता.

मंगळवार, 4 मार्च

रात्री आदेश वाचून काढला. तीन वर्षांपूर्वी एका बाईंनी रिकाम्या फ्लॅटसाठी मेसेज केला होता. मला सेक्शन 8चं व्हाउचर आहे, चालेल का? काकांनी स्वतः उत्तर टाइप केलं, "सॉरी, नो प्रोग्रॅम्स." त्या मेसेजचं चित्र आदेशाला जोडलंय. वर काकांचा नंबर, खाली त्यांची हात जोडलेली इमोजी.

व्हाउचरवाला भाडेकरू साधारण उत्पन्नाच्या 30 टक्के भाडं स्वतः भरतो, उरलेलं सरकारी यंत्रणा थेट मालकाच्या खात्यात टाकते. 2008पासून या शहरात "तुझे पैसे कुठून येतात" या कारणावरून घर नाकारता येत नाही. वंश, धर्म, लिंग यांच्या रांगेत उत्पन्नाचा स्रोतही बसवलाय. दंडाची कमाल मर्यादा 1,25,000 डॉलर, आणि मुद्दाम, आकसाने केलं असेल तर 2,50,000. काकांना लागलेला दंड त्याच्या आसपासही नाही, पण त्यांच्या वर्षभराच्या नफ्यातला मोठा लचका आहे.

आणि रकमा दोन आहेत. काकांनी हे पाहिलंच नव्हतं. दंड शहराच्या तिजोरीत जातो. नुकसानभरपाई त्या बाईंना. शिवाय प्रशिक्षण घ्यायचं, आणि हक्कांची नोटीस इमारतीत लावायची.

गुरुवार, 6 मार्च

उरलेली पाकिटं फोडली. तक्रारीची प्रत: उत्तराला 30 दिवस. मग स्मरणपत्र. मग चौकशीतून तथ्य आढळल्याचं पत्र. मग प्रशासकीय न्यायाधीशांपुढच्या सुनावणीची तारीख, चर्च स्ट्रीटवरच्या इमारतीत. सुनावणीला काका नव्हते, वकील नव्हता. न्यायाधीशांचा अहवाल आणि शिफारस आली, त्यावरही काकांकडून अक्षर नाही. मग आयोगाने शिक्का मारला.

विचारलं, काका, का नाही उघडली? म्हणाले, "शहराची पत्रं येतच असतात."

सोमवार, 10 मार्च

वकीलबाईंकडे गेलो. फी ऐकून काकांनी चष्मा काढून पुसला. बाई सरळ बोलल्या. आयोगाच्या अंतिम आदेशाविरुद्ध राज्याच्या सुप्रीम कोर्टात जाता येतं, आदेश बजावल्यापासून 30 दिवसांत. इथलं सुप्रीम कोर्ट म्हणजे खालचंच कोर्ट, हे काकांना मी नंतर जिन्यात समजावलं. तिथे खटला पुन्हा पहिल्यापासून चालत नाही. आयोगाचे निष्कर्ष नोंदीतल्या पुराव्यावर टिकत असतील तर कोर्ट ते मान्य धरतं. आणि जी हरकत आयोगापुढे घेतलीच नाही, ती एरवी कोर्ट ऐकत नाही.

"तुम्ही कोणती हरकत घेतली होती?" बाईंनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टाची स्थगिती नसताना आदेश नुसता बाजूला ठेवला तर? त्याचा दंड निराळा: 50,000 डॉलरपर्यंत, वर रोजचे 100 डॉलरपर्यंत.

शुक्रवार, 14 मार्च. धुळवड

पुरणपोळी द्यायला काकांकडे गेले. विषय निघालाच. पार्कचेस्टरचं त्यांना सांगितलं. ब्राँक्समधली ती अवाढव्य वसाहत. व्हाउचरवाल्यांना नाकारल्याच्या प्रकरणात तिच्या व्यवस्थापनाने 2024मध्ये दहा लाख डॉलर दंड मान्य केला, आणि 850 घरं व्हाउचरधारकांसाठी राखून ठेवायचंही. "ते मोठे लोक," काका म्हणाले. "माझी आठ बिऱ्हाडं."

मग त्यांनी काढलं ते मी यापूर्वी ऐकलं नव्हतं. लग्नानंतर मुंबईत घर शोधत होते. मालवणी माणूस. "मासे खाता का?" या एका प्रश्नावर दारं बंद व्हायची. "मी गप्प बसलो ना? कुणाकडे तक्रार केली? मग हिलाच काय एवढं?"

तिथे तक्रार करायला जागा तरी कुठे होती. आपल्या राज्यघटनेतला भेदभावाचा मज्जाव मुख्यतः सरकारला बांधतो. 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याचा नियम उचलून धरला. काकांचा राग खरा आहे, पण तो त्या बाईंच्या खात्यावर कसा टाकणार? माझ्या हिशेबात ही नोंद बसत नाही, आणि मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी पोळी मोडली, तूप मागितलं, उत्तर दिलं नाही.

मंगळवार, 18 मार्च

काकांचा फोन. "अगं, जातीवरूनही दंड होतो का इथे?" कुणीतरी सिअ‍ॅटलचं सांगितलं असणार. 2023च्या फेब्रुवारीत तिथल्या नगर परिषदेने जातीवरून भेदभावाला बंदी घातली. प्रस्ताव क्षमा सावंत यांचा, त्या जन्माने पुण्याच्या. पण आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही, काका. आधी आकडे बघू.

बुधवार, 26 मार्च

मुदत संपत आली. वकीलबाईंचं मत लेखी आलं: अपील करता येईल, जिंकण्यासारखं त्यात काही दिसत नाही, फी मात्र दंडाच्या जवळ जाईल. काकांचा हट्ट दंडाच्या रकमेचा कधीच नव्हता. अपील केलं नाही तर "आपण गुन्हा कबूल केला" असं लोक म्हणतील, ही भीती. म्हटलं, काका, हा फौजदारी गुन्हा नाही. आणि मेसेज तुम्हीच पाठवला होता, तो तर कबूल आहे ना?

"तो आहे," म्हणाले.

शुक्रवार, 28 मार्च

अपील नाही. दंडाचा चेक "सिटी ऑफ न्यूयॉर्क"च्या नावाने, मागे खटल्याचा क्रमांक. नुकसानभरपाईचा वेगळा. काका दंडाचा आधी लिहायला निघाले होते, मी बाईंचा आधी लिहून घेतला. नोटीस लॉबीत, पत्रपेट्यांच्या वर, सरळ रेषेत लागली. प्रशिक्षणाचं नावही नोंदवलं.

घरं भाड्याने देणाऱ्या माझ्या बाकीच्या अशिलांनाही आज निरोप पाठवला: व्हाउचरला नाही म्हणू नका. आणि आयोगाचं पाकीट आलं तर त्याच दिवशी फोडा. तक्रारीला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, बाजू मांडायची आणि तडजोड करायची खरी वेळ तीच. शेवटच्या आदेशानंतर अपिलात मांडायला तुमच्याकडे काही उरलेलं नसतं.