गाठोडं सोडताना

माझ्या बॅकअपच्या स्क्रिप्टचं नाव ‘गाठोडं’. तिला दोनच आज्ञा कळतात, प्रोजेक्टची प्रत घेणारी ‘बांध’ आणि ती परत उघडणारी ‘सोड’. ‘बांध’ पटकन लिहून झाली. ‘सोड’ अजूनही पुरती झालेली नाही आणि माझा सगळा जीव तिच्यातच अडकलेला असतो.

आम्ही काही जण मिळून पतसंस्था, वाचनालयं, सोसायट्या यांच्यासाठी छोटी सॉफ्टवेअरं करतो. मी ही स्क्रिप्ट लिहायला बसलो तेव्हा आमच्यातला धाकटा म्हणाला, “दादा, कोड तर सगळा पुश केलेला असतोय की. मग हे कशाला?” कोड असतो, खरं आहे. पण पासवर्ड ठेवलेली ‘.एन्व्ह’ फाइल आपण मुद्दाम गिटच्या बाहेर ठेवतो. कमिटआधी तपासणी करणारे हुक आपल्याच मशीनवर राहतात. स्टॅशमध्ये सारून ठेवलेले अर्धेमुर्धे बदलही. आधी मी ‘गिट बंडल’ वापरून पाहिलं, पण त्यात स्टॅशमधला सगळ्यात वरचा बदल तेवढा येतो, खालचे मागेच राहतात. म्हणून आता ‘.गिट’ फोल्डर जसंच्या तसं उचलतो. बाहेरून उतरवलेल्या पॅकेजांचं ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर एरवी वगळतो, पण पतसंस्थांच्या कामात तेही बांधतो. मार्च २०१६मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभर लोकांची बिल्ड अडकली होती. तेवढी जागा गेली तरी चालेल.

नक्कल करायचं काम आरसिंककडे. १९९६पासूनचं हे अवजार अजून तितकंच धारदार आहे. त्याच्या ‘लिंक-डेस्ट’ पर्यायामुळे न बदललेली फाइल पुन्हा लिहिली जात नाही, आधीच्या प्रतीतल्या फाइलीलाच हार्ड लिंक होते. रोजची प्रत पूर्ण दिसते, जागा मात्र फरकापुरतीच जाते. एक्सफॅट डिस्कवर हे जमत नाही, तिथे हार्ड लिंक नाहीतच. एसक्यूलाइटच्या फाइली मात्र आरसिंकवर सोडत नाही. कोणी नोंद करत असताना नक्कल झाली तर ती बिघडलेली निघू शकते, म्हणून तिथे एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा.

नुसतं बांधून भागत नाही हे पटवायला धाकट्याला मी कोड ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीची हकिकत सांगितली. ३१ जानेवारी २०१७ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, पण रोजचा डेटाबेस डंप आवृत्तीच्या घोळामुळे कधीचा फसत होता आणि तसं कळवणाऱ्या ईमेल पलीकडे नाकारल्या जात होत्या. शेवटी सहा तासांपूर्वी कोणीतरी सहज घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर निभावलं. हे ऐकून तो जरा गप्प झाला.

म्हणून ‘सोड’ दर महिन्याला चालते, तीही कामाच्या मशीनवर नाही. एका जुन्या लॅपटॉपवर कोरं लिनक्स घालून त्यावर ती गाठोडं उघडते, प्रत्येक फाइलीचा हॅश बांधताना केलेल्या यादीशी ताडून पाहते आणि मग प्रोजेक्टच्या टेस्ट चालवते.

त्यातच एकदा गंमत झाली. एका संस्थेचं स्कॅनिंग आमच्या जुन्या मॅकवरून आलं होतं आणि त्यात ‘दुसऱ्या हप्त्याच्या पावत्या’ असं फोल्डर होतं. ‘सोड’ म्हणाली, फोल्डर गहाळ. मी स्क्रीनवर पाहतोय, तर समोर आहे! युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःचा एक संकेतांक आहे. पण मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल-व्यवस्था नावं फोडून ठेवते, त्यामुळे तिथे ‘ऱ’चा ‘र’ आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण लिनक्स बाइट ताडतं, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. आमच्या डेटाबेसमध्ये अखंड ‘ऱ’, डिस्कवर फुटलेला. परदेशातल्या कुठल्याही तयार अवजाराच्या चाचणीत ‘दुसऱ्या’ किंवा ‘बऱ्याच’ असली नावं कोणी घातली असतील असं मला वाटत नाही. आता ‘बांध’ आधी सगळी नावं एकाच रूपात आणते. चाचणीसाठी मी एक फोल्डरच केलं आहे: ‘वाऱ्यावरच्या वऱ्हाडी तऱ्हा’. धाकट्याला ते भारी आवडतं.

उरला प्रश्न चावीचा. गाठोड्यात पासवर्ड असतात म्हणून ते कुलूपबंद करावं लागतं, आणि कुलपाची चावी कामाच्या मशीनवरच ठेवली तर मशीनबरोबर तीही जाणार. ती छापून मी एक कागद लॉकरमध्ये ठेवला, दुसरा सांगलीला ताईकडे दिला. ‘सोड’ आता त्या कागदावरून चावी टाइप करूनच चालवतो. शून्य आणि ‘ओ’मधला गोंधळ पहिल्याच फेरीत कळला. नवा कागद वेगळ्या टाइपात छापून पाठवला, तर ताईचा फोन आला, “जुना फाडू का रे? आणि हा लॅमिनेट करून घेऊ?”