खोली म्हणजे वय नव्हे

उष्ण कटिबंधातल्या गुहेत हाड किती खोल सापडलं यावरून त्याचं वय ठरवू नये, असं मी आग्रहाने म्हणतो ते इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या लिआंग बुआमुळे. २००३ मध्ये त्या चुनखडीच्या गुहेत सुमारे सहा मीटर खोलीवर होमो फ्लोरेसिएन्सिस या जेमतेम मीटरभर उंचीच्या मानवाचा सांगाडा निघाला. जवळच्या कोळशाच्या रेडिओकार्बन वयावरून तो १८,००० वर्षांपूर्वीचा मानला गेला. पुढे चर वाढवले तेव्हा उलगडलं की जुन्या थरांचा मोठा भाग कधीच वाहून गेला होता. उरलेल्याचा उतरत्या कडेचा ओटा झाला होता आणि त्या कडेला नवा गाळ टेकून बसला होता. सांगाडा ओट्यातला, कोळसा नव्या गाळातला. २०१६ मध्ये थॉमस सुटिकना आणि सहकाऱ्यांनी ही हाडं १,००,००० ते ६०,००० वर्षांपूर्वीची ठरवली.

वय मोजण्याची तंत्रं सुधारली की असे घोटाळे टळतील, असं अनेकांना वाटतं. पण इथे मोजमाप चुकलंच नव्हतं. कोळशाचं वय कोळशापुरतं खरं होतं. चुकलं ते कोळशाचं हाडाशी जोडलेलं नातं, आणि ते मातीच सांगू शकते. थंड प्रदेशातल्या गुहांतही थर वाहून जातात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र उष्ण, दमट गुहेत वटवाघळांच्या विष्ठेतून झिरपणारी आम्लं राखेतला चुना विरघळवतात, हाडं खातात, त्यांच्या जागी फॉस्फेटची खनिजं तयार होतात, आणि दोन थरांमधली रेघ डोळ्यांना दिसेनाशी होते. चूल दिसली नाही म्हणून इथे विस्तव नव्हता, असं म्हणण्याची सोय अशा गुहेत उरत नाही. म्हणून आम्ही मातीचा ठोकळा न विस्कटता काढतो, रेझिनमध्ये घट्ट करतो आणि त्याचा ३० मायक्रॉन जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली वाचतो.

एवढ्याशा कापावरून अख्ख्या गुहेबद्दल काय बोलणार, असं विचारलं जातं. एकट्या कापावरून बोलूच नये. तो चराच्या भिंतीशी ताडूनच वाचावा लागतो. सारावाकमधल्या निआ गुहेत १९५८ मध्ये मिळालेल्या कवटीचं सुमारे ४०,००० वर्षांचं वय कित्येक दशकं संशयाखाली होतं. २००० पासून ग्रॅहॅम बार्कर यांच्या चमूने टॉम आणि बार्बरा हॅरिसन यांच्या जुन्या चरांच्या भिंती नव्याने वाचल्या, आणि कवटी जवळपास तितकीच जुनी ठरली. हॅरिसन दांपत्याने सगळं खणून काढलं असतं, तर हे ताडून पाहणं शक्यच नव्हतं. उत्खननाच्या परवान्यातच काही भाग न खणता राखून ठेवण्याची अट असावी, असं मला वाटतं.