जामसांवलीचा विसावलेला दूत

सौंसरजवळील जामसांवलीस पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतिरायाचे दर्शन घेताना आम्हांस युद्धातील दूतांचे स्मरण होते. १९४३ ते १९४५ या काळात इटलीत ब्रिटिश, कॅनेडियन व पोलिश फौजांसमवेत आपल्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनही लढल्या. तोफगोळ्यांनी तुटलेल्या टेलिफोनच्या तारा अंधारात चाचपडत जोडणे, हे सिग्नल कोअरच्या जवानांचे काम. बिल्ल्यावर रोमन देवदूत मर्क्युरी. ओठी कित्येकांच्या मारुतीच असेल! व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक तेथील मोंतोने गावी २०२३ साली उभे राहिले. निरोप पोहोचविणाऱ्यांची नावे मात्र घरच्यांनाच ठाऊक. सीतामाईची खूण रामास पोहोचविणारा येथे विसावला आहे. ज्यांच्या घरी असा जवान होऊन गेला, त्यांनी त्याचे नाव नातवंडांस अवश्य सांगावे.